गोळी ‘सुटली’ की ‘सोडली’? फायरिंगच्या उस्तादांना खुलं पत्र

प्रति,
राज्यातल्या पोलीस प्रशिक्षण केंद्रांत शस्त्र शिकवणारे सगळे उस्ताद

जय हिंद, उस्ताद.

बऱ्याच वर्षांपूर्वी एका कोतात, म्हणजे शस्त्रागारात, नऊ एमएमची एक गोळी लोखंडी कपाटाच्या दारातून आत शिरली, रजिस्टरांची चळत भेदली आणि चिंद्यांच्या गाठोड्यात जाऊन बसली. अहवालात ओळ पडली ती अशी: ‘शस्त्राची साफसफाई करीत असताना मिसफायर होऊन गोळी सुटली. जीवितहानी नाही.’ पिस्तूल माझ्या हातात होतं. मी त्या कोताचा आर्मोरर, म्हणजे हत्यारं सांभाळणारा आणि दुरुस्त करणारा. हत्यार खाली, म्हणजे रिकामं, कसं करायचं हे बाकीच्यांना शिकवणं माझं काम. साहेब भला माणूस, त्यांनी ती ओळ लिहून मला वाचवलं. दल कुठलं, गाव कुठलं हे सांगत नाही. साहेब आता हयात नाहीत आणि कपाटही कधीच भंगारात गेलं असेल.

ती ओळ मात्र डोक्यातून गेली नाही, कारण तिच्यात दोन खोट्या गोष्टी होत्या. मिसफायर म्हणजे चाप ओढला आणि बार उडालाच नाही. माझा बार चांगला खणखणीत उडाला होता, दोन दिवस कानात शिट्टी वाजत होती. तरी आजही ठाण्यात कुणाच्या हातून गोळी उडाली की दुसऱ्या दिवशीच्या पेपरात ‘मिसफायर’च छापून येतं. दुसरी खोटी गोष्ट ‘सुटली’ हे क्रियापद. गाय दाव्यातून सुटते, एसटी फलाटावरून सुटते, तशी गोळीही जणू वेळ झाली म्हणून निघाली. ती मी सोडली होती. उजव्या हाताच्या तर्जनीने.

हे पत्र त्या तर्जनीबद्दल आहे आणि तिच्याखाली आता आलेल्या नव्या जातीच्या चापाबद्दल.

ग्लॉक आणि त्याच्या वर्गातली पिस्तुलं देशातल्या दलांत येऊन आता बरीच वर्षं झाली. २६/११ नंतर त्यांची मागणी वाढली हे तुम्हाला माहीत आहेच. तेव्हापासून कोताबाहेरच्या टपरीवर एकच वाद ऐकतोय. एक पक्ष म्हणतो, अंगठ्याची सेफ्टीच, म्हणजे चाप अडवून ठेवणारी कळच, नसलेलं हत्यार शिपायाला देणं म्हणजे माकडाच्या हातात कोलीत. दुसरा म्हणतो, सेफ्टी काढायला विसरलेला शिपाईच आधी मरतो. दोघंही पिस्तुलाबद्दल बोलतात. मला वाटतं, वाद तिथे नाहीच.

मराठीत हत्याराची सगळी भाषा घोड्यावर, म्हणजे मागून आपटून बार उडवणाऱ्या हातोडीवर, उभी आहे. घोडा चढवला, घोडा पडला. मुंबईच्या टोळ्यांच्या बोलीत तर अख्ख्या पिस्तुलालाच घोडा म्हणतात. आपल्या ईशापूरच्या नऊ एमएम वन-ए ला, म्हणजे ब्राउनिंग हाय-पॉवरच्या देशी भावंडाला, मागे खराखुरा घोडा आहे. चढलाय की पडलाय हे अंधारातही अंगठ्याने चाचपून कळतं. नव्या पिस्तुलाला घोडाच नाही. स्लाइडच्या, म्हणजे पिस्तुलाच्या वरच्या सरकत्या भागाच्या, पोटात एक दांडा सरळ रेषेत मागेपुढे सरकतो आणि त्याला स्प्रिंगचा जोर असतो. तो स्ट्रायकर. कॅरमचा स्ट्रायकर डोळ्यांसमोर आणा: टिचकी बसली की सोंगटीवर जाऊन आपटतो. इथे सोंगटीच्या जागी काडतुसाच्या बुडाची कॅप, इतकाच फरक. पोरांना असं सांगितलं की पटकन कळतं, चित्रांचे तक्ते लावावे लागत नाहीत.

ही काही कालची करामत नाही. जॉन ब्राउनिंगने बेल्जियमच्या कारखान्यासाठी १९०० सालीच बाहेर घोडा न दिसणारं, स्ट्रायकरवर चालणारं पिस्तूल काढलं होतं. (सावरकरांनी लंडनहून चोरून पाठवलेली २० पिस्तुलंही ब्राउनिंगचीच. २१ डिसेंबर १९०९ ला नाशिकच्या विजयानंद थिएटरात अनंत कान्हेरे यांनी जॅक्सनवर ब्राउनिंगच रोखलं होतं. हे विषयाला धरून नाही, पण मी नाशिकच्या बाजूचा आहे, राहवत नाही.) गास्टन ग्लॉक हा ऑस्ट्रियन माणूस ऐंशीच्या दशकापर्यंत चाकू आणि पडद्याच्या दांड्या बनवत होता. त्याने केलेली नवी गोष्ट म्हणजे चाप. ऑस्ट्रियाच्या लष्कराने १९८२ मध्ये ते पिस्तूल घेतलं, नंतर जगभरच्या पोलिसांनी.

त्या चापाचं काम नीट समजून घ्या, कारण अर्धा गोंधळ इथलाच आहे. स्लाइड ओढून सोडली की स्ट्रायकर अर्धवट ताणून अडकतो. उरलेला ताण तुमचं बोट देतं. चाप साधारण साडेबारा मिलिमीटर मागे येतो आणि त्याला सुमारे अडीच किलोचा जोर लागतो. तेवढ्या प्रवासात आतली पट्टी स्ट्रायकरला आणखी मागे नेते, त्याच्या वाटेतला अडसर वर ढकलते आणि अगदी शेवटी खाली झुकून त्याला मोकळं करते. चापाच्या तोंडावर एक बारीक जीभ आहे, ती दाबली गेल्याशिवाय चाप हलत नाही. म्हणजे सेफ्ट्या तीन आहेत आणि पिस्तूल हातातून पडलं तर त्या चोख काम करतात. पण चाप ओढायला लागलात की तिन्ही एकामागून एक बाजूला होतात. त्या बोटाला अडवत नाहीत, बोटाची वाट बघतात.

जुन्या हत्यारांचं तसं नव्हतं. पॉइंट थ्री एट रिव्हॉल्व्हरचा चाप लांब आणि जड, घोडा न चढवता ओढायचा तर बोट दुखायचं. नऊ एमएम वन-ए ला चेंबर, म्हणजे नळीमागचा गोळीचा कप्पा, रिकामं ठेवायचं, वर सेफ्टी. बोट चुकून चापावर विसावलं तरी हत्यार दोन वेळा माफ करायचं. आपल्या पिढीची बोटं त्या माफीवर वाढली. फोटो काढा कुठल्याही जुन्या बंदोबस्ताचे आणि बोटं कुठे आहेत ते मोजा.

लॉस एंजेलिस काउंटीच्या शेरिफ खात्यात काय झालं हे प्रत्येक तुकडीला सांगावं असं आहे. त्यांच्याकडे वर्षानुवर्षं बेरेटा ९२ होतं. सेफ्टी होती आणि पहिल्या गोळीला लांब, जड ओढ. मग त्यांनी स्मिथ अँड वेसनचं एम अँड पी घेतलं. स्ट्रायकरवालं, अंगठ्याची सेफ्टी नाही, चाप हलका. नकळत गोळी उडण्याच्या घटना २०१२ मध्ये १२ होत्या, २०१३ मध्ये १८ झाल्या, २०१४ मध्ये ३०. चौकशी झाली. पिस्तुलात खोट असल्याचं निघालं नाही. जुन्या बेरेटाच्या जड चापावर बोट टेकवून वावरायची काहींची सवय होती, ती सवय तशीच नव्या चापावर आली. काहींनी तर पिस्तुलाखाली लावलेला टॉर्च पेटवायला गेल्यावर चाप दाबला. हात एकच काम दोन बोटांना सांगतो, त्यातलं नको ते बोट आधी ऐकतं. माणसं तीच, गस्त तीच, फक्त माफी गेली.

आता माझी गोष्ट पूर्ण सांगतो.

ग्लॉक उघडायचं, म्हणजे स्लाइड वेगळी करायची, तर आधी चाप ओढावा लागतो. रचनाच तशी आहे. एम अँड पी मध्ये चाप न ओढता उघडायची सोय ठेवली आहे, सिगच्या पी३२० मध्येही आहे. ग्लॉकमध्ये मात्र नाही. म्हणजे साफसफाईच्या प्रत्येक वेळी आर्मोररने हत्यार रिकामं समजून चाप ओढायचा. ‘समजून’ या शब्दात माझं कपाट गेलं. क्रम असा आहे: आधी मॅगझिन, म्हणजे मुठीतली गोळ्यांची पेटी, काढा, मग स्लाइड ओढा, चेंबरमधली गोळी बाहेर पडू द्या, स्लाइड मागे अडकवा, डोळ्यांनी बघा, बोट घालून चाचपा. त्या दुपारी मी आधी स्लाइड ओढली. एक गोळी टणकन टेबलावर पडली, बरं वाटलं. स्लाइड पुढे गेली आणि मॅगझिनमधली पुढची गोळी घेऊन गेली. मग मी मॅगझिन काढलं. टेबलावर एक गोळी, बाजूला मॅगझिन, डोक्यात ‘झालं खाली’. चाप ओढला.

दोन्ही कृती केल्या होत्या, फक्त क्रम उलटा. उस्ताद, नवशिक्याकडून ही चूक होत नाही, त्याला भीती असते. ज्याने हजार वेळा हत्यार खाली केलंय त्याच्याकडून होते. म्हणून एवढीच विनंती: परीक्षेत ‘पिस्तूल खाली करा’ एवढंच विचारू नका. मुद्दाम मॅगझिन लावून, चेंबरमध्ये डमी, म्हणजे खोटी गोळी, ठेवून द्या आणि त्याच वेळी त्या पोराशी गप्पा मारा. घरचं विचारा. बोलता बोलता क्रम चुकतो का ते बघा. माझा असाच चुकला होता, कुणीतरी दारातून चहा विचारत होतं.

यावर एक सोपा तोडगा नेहमी सुचवला जातो: चापच जड करा. न्यूयॉर्कच्या पोलिसांनी तो करून पाहिला. १९९३ च्या सुमारास रिव्हॉल्व्हर सोडून नऊ एमएम घेताना त्यांनी चाप जवळपास १२ पौंडांचा मागितला, म्हणजे साडेपाच किलोच्या आसपास. भरलेलं पिस्तूल एक किलोच्या आत-बाहेर. आता विचार करा, एक किलोची वस्तू हातात स्थिर धरून तिच्यावरची एक कळ साडेपाच किलोच्या जोराने ओढायची आणि वस्तू हलू द्यायची नाही. २४ ऑगस्ट २०१२ ला एम्पायर स्टेट बिल्डिंगसमोर दोन पोलिसांनी एका खुन्यावर १६ गोळ्या झाडल्या, तो मेला. पण वाटेवरची ९ माणसं गोळ्यांनी आणि उडालेल्या तुकड्यांनी जखमी झाली. गर्दी, भीती, अंतर, सगळंच त्यात होतं. एकट्या चापावर खापर फोडणं बरोबर नाही. पण जड चापाने नेम सुधारत नाही एवढं कळायला मोठी अक्कल लागत नाही.

बरं, जड चाप निदान चूक तरी थांबवतो? नोव्हेंबर २०१४ मध्ये त्याच शहरात ब्रुकलिनच्या एका वसाहतीच्या अंधाऱ्या जिन्यात नोकरीला नवा लागलेला पोलीस हातात पिस्तूल घेऊन शिरला. आवाज झाला, दचकला, गोळी उडाली. भिंतीवर आपटून ती खालच्या मजल्यावरून जाणाऱ्या निःशस्त्र तरुणाच्या छातीत गेली. चाप तोच जडवाला होता. खटल्यात ज्युरीतल्या लोकांनी तो चाप स्वतः ओढून पाहिला आणि हा नुसता दचकून ओढला जाण्यासारखा नाही असं त्यांचं मत झालं. मला ते अर्धंच पटतं. माणूस दचकला की पूर्ण मूठ आवळतो आणि आवळलेल्या मुठीत साडेपाच किलो काहीच नाहीत. आवळताना बोट चापाच्या कड्यात होतं की बाहेर स्लाइडच्या बाजूला सरळ, एवढाच प्रश्न उरतो. तो प्रश्न स्प्रिंग बदलून सुटत नाही.

आता दुसरी बाजूही मांडतो, नाहीतर तुम्ही म्हणाल आर्मोरर आहे, हत्याराची बाजू घेतो. हत्यारातही खोट असू शकते. सिग सावरचं पी३२० २०१४ मध्ये आलं. जानेवारी २०१७ मध्ये अमेरिकी सैन्याने बेरेटा एम९ च्या जागी त्याचीच एम१७ आणि एम१८ ही रूपं निवडली. त्याच उन्हाळ्यात दिसून आलं की बाजारातलं पी३२० विशिष्ट कोनात, मागच्या बाजूवर पडलं तर गोळी उडू शकते. चाप इतका वजनदार होता की आदळताना त्याच्या स्वतःच्या जडपणानेच तो मागे जायचा. डॅलसच्या पोलिसांनी वापर थांबवला. कंपनीने हलका चाप आणि बदललेले आतले भाग बसवून द्यायची योजना काढली. त्यानंतरही ‘होल्स्टरमध्ये असताना आपोआप उडालं’ म्हणून खटले चालूच राहिले. २०२४ मध्ये जॉर्जिया आणि पेनसिल्व्हेनियातल्या ज्युरींनी कंपनीविरुद्ध भरपाईचे निकाल दिले. चाप ओढल्याशिवाय हे पिस्तूल उडत नाही, असं कंपनी ठामपणे सांगते.

इथे चापाच्या रचनेतला फरक महत्त्वाचा आहे. ग्लॉकचा स्ट्रायकर अर्धाच ताणलेला असतो, पी३२० चा जवळजवळ पूर्ण. तिथे चाप फक्त अडकण काढतो. शिवाय चापाच्या तोंडावर ती जीभही नाही. याचा अर्थ ते वाईट असा नाही. पण दोन्ही ‘स्ट्रायकरवालीच’ म्हणून एकाच तासात उरकू नका. खरेदी समितीत बसणाऱ्यांनीही हे ऐकावं. तिथे आर्मोररला खुर्ची मिळाली तर तो नक्की विचारेल.

आणि याच पी३२० च्या कुळातली एक घटना ऐका, म्हणजे मी ‘सुटली-सोडली’वर का अडून बसलोय ते कळेल. जुलै २०२५ मध्ये अमेरिकेतल्या वायोमिंग राज्यातल्या वॉरेन हवाई तळावर एम१८ ची गोळी लागून एक तरुण जवान मेला. पहिली बातमी आली ती पिस्तूल आपोआप उडाल्याची. हवाई दलाच्या ग्लोबल स्ट्राइक कमांडने सगळीकडे एम१८ बाजूला ठेवलं आणि जवळपास ८ हजार पिस्तुलं तपासायला घेतली. ऑगस्टमध्ये एका सहकारी जवानालाच अटक झाली. बरोबरच्या दोघांनी चौकशीत खोटं सांगितल्याचं पुढे कबूल केलं. पिस्तुलं तपासून, थोडी दुरुस्तीला पाठवून, बाकीची पुन्हा वापरात आली. यावरून बाकीचे खटले खोटे ठरत नाहीत, हे मीच आधी सांगतो. पण बघा, आपोआप उडणाऱ्या पिस्तुलाची चर्चा गाजत असली की बोटाला लपायला किती मोठी जागा मिळते. आणि उलटंही होतं: ‘बोटच चुकलं असेल’ म्हणून फाइल बंद केली की खरी खोट असलेलं पिस्तूल पुढच्या माणसाच्या कमरेला जातं. दोन्हीकडे एकच औषध: त्याच दिवशी हत्यार सील करा, चाप, अडसर, स्ट्रायकर तिघांची तपासणी आर्मोररकडून लिहून घ्या, मगच शब्द निवडा.

पडून गोळी उडणं हा काही फक्त नव्यांचा रोग नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईत एका नामवंत अभिनेत्याच्या परवान्याच्या रिव्हॉल्व्हरची गोळी त्याच्याच पायाला लागली, हातातून पडलं असं सांगितलं गेलं. जुन्या घडणीच्या रिव्हॉल्व्हरमध्ये घोडा थेट कॅपवर टेकून बसतो, त्याच्या पाठीवर आदळलं की झालं. पडण्याच्या बाबतीत ग्लॉक त्याच्या कितीतरी पुढे आहे.

आता होल्स्टर. यावर जास्त बोलणार आहे, कारण आपल्याकडे यावर कोणी बोलतच नाही. साध्या वेशातला अधिकारी पिस्तूल कुठे ठेवतो? पँटच्या पट्ट्यात खोचतो, वरून शर्ट सोडतो. रिव्हॉल्व्हरच्या काळातली ही सवय आहे आणि त्या काळात ती फक्त गबाळी होती. ग्लॉकच्या बाबतीत ती धोक्याची आहे. चापाचं कडं झाकणारी कडक कव्हरपट्टी नाही, वर शर्टाची घडी, पायजम्याची नाडी, जॅकेटच्या दोरीची गाठ. खोचताना यातलं काहीही कड्यात शिरलं की ते बोटाचंच काम करतं. जिभेला काय कळणार दाबणारं बोट आहे की नाडी. मऊ, जुनं झालेलं कातडी होल्स्टरही तसंच: तोंडाशी घडी पडते आणि पिस्तूल आत ढकललं की ती घडी चापावर बसते. लॅनयार्डचा, म्हणजे पिस्तूल अडकवायच्या दोरीचा, फासही मी एकदा कड्यात अडकलेला पाहिला आहे. नशीब, चेंबर रिकामं होतं. या पिस्तुलाची अंगठ्याची सेफ्टी कुठे आहे असं कुणी विचारलं तर मी होल्स्टरकडे बोट दाखवतो. होल्स्टर स्वस्तात मिळेल तिथून आणा म्हणणं म्हणजे सेफ्टी बाजारातून बसवून घ्या म्हणण्यासारखं आहे. पिस्तुलाबरोबर त्याच मापाचं कडक होल्स्टर कोतातून मिळालं पाहिजे, रजिस्टरात दोघांची नोंद एकाच ओळीत. आणि आत ठेवताना घाई नको, बघून ठेवायचं. बाहेर काढायला घाई असते, आत ठेवायला कसली?

आता चांगलंही सांगतो. माझं मत विचाराल तर मी या पिस्तुलांच्या बाजूचा आहे. महिलांना भरतीत ३० टक्के जागा आहेत. लहान हातांना वन-ए ची जाड मूठ पकडताना आणि रिव्हॉल्व्हरचा लांब चाप ओढताना होणारी ओढाताण तुम्ही रोज पाहता. ग्लॉकच्या २०१० नंतरच्या पिढ्यांत मुठीची पाठ बदलता येते, बोट चापापर्यंत नीट पोचतं, पहिल्या गोळीपासून शेवटच्या गोळीपर्यंत ओढ तीच. शिकणाऱ्याला ही केवढी मोठी सोय. ब्रिटिश सैन्याने २०१३ मध्ये हाय-पॉवर निवृत्त करून २५ हजारांवर ग्लॉक १७ घेतली. आपलं वन-ए ज्या कुळातलं, त्याच कुळातलं पिस्तूल त्यांनी खाली ठेवलं. आणि हलका चाप म्हणजे अपघात असंही नाही. आपल्या कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटरमध्ये सुवर्ण जिंकलं. त्या स्पर्धेत चापाचं वजन किमान एक किलो असलं की चालतं, आपल्या ग्लॉकच्या निम्म्याहूनही कमी. पण बालेवाडीच्या रेंजवर चेंबरमध्ये सेफ्टी फ्लॅग, म्हणजे ते रिकामं असल्याची खूण, घातल्याशिवाय पिस्तूल टेबलावर ठेवून तर दाखवा. पंच तिथल्या तिथे ताकीद देतील, तरी ऐकलं नाहीत तर बाहेर काढतील.

साफसफाईचं एक सांगून टाकतो, नाहीतर राहून जाईल. आपल्या कोतांत तेलाचं फार प्रेम. पावसाळ्यात, त्यात कोकणात, पोरं पिस्तुलाला अभ्यंगस्नान घालतात. वन-ए ला ते चालून जायचं. स्ट्रायकरच्या नळीत मात्र तेल घालायचं नाही, एक थेंबही नाही. तिथे तेल साचलं की धूळ, बंदुकीच्या दारूची राख, चिंदीचे धागे मिळून खळ होते आणि स्ट्रायकर आळशी होतो. मग खरंखुरं मिसफायर होतं, नको त्या दिवशी.

चेंबर भरलेलं ठेवायचं की रिकामं, यावर तुमच्यात दोन गट आहेत हे मला ठाऊक आहे. मी कुठल्याही गटात यायला तयार आहे, अट एकच: एका ठाण्यात एकच नियम. ठाण्याच्या आत रिकामं, कारवाईला निघताना भरलेलं आणि होल्स्टरमध्ये, परत आल्यावर पुन्हा रिकामं, असं मी ठेवीन. सगळ्यात वाईट म्हणजे ज्याची त्याची मर्जी. रात्रपाळीचा भरलेलं ठेवतो, दिवसपाळीचा रिकामं समजून घेतो. ८ डिसेंबर २०२३ ला अलीगढच्या ठाण्यात एक बाई पासपोर्टच्या पडताळणीसाठी उभी होती. उपनिरीक्षकाच्या हातात सहकाऱ्याने नुकतंच पिस्तूल दिलं. त्याने ते हाताळलं आणि गोळी तिच्या डोक्यात गेली. काही दिवसांनी ती वारली. सीसीटीव्हीत सगळं आहे, देशाने पाहिलं. ते पिस्तूल स्ट्रायकरवालं होतं की घोड्याचं, हे मी मुद्दाम शोधलं नाही. देताना स्लाइड उघडी ठेवून दिलं असतं, घेताना आत बघून घेतलं असतं आणि तोंड भिंतीकडे असतं, तर कुठलंही पिस्तूल चाललं असतं.

म्हणून प्रत्येक ठाण्याच्या शस्त्रागाराबाहेर वाळूचा ड्रम हवा. तिरपा ठेवलेला, तोंडावर रबराचं झाकण, झाकणाला भोक. भरणं आणि खाली करणं फक्त तिथेच, नळी भोकात ठेवून. ड्रमाला खर्च येत नाही. लष्कराच्या कित्येक गेटवर असा ड्रम आहे, आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी त्यात पान खाऊन थुंकतात.

आणि सराव. वर्षातून एकदा रेंजवर जाऊन चार-दोन मॅगझिन रिकामी करून आलेल्या बोटाला अडीच किलोचा चाप कळणार नाही. गोळ्या कमी आहेत, मान्य. पण रिकाम्या हत्याराने, डमी राउंड घालून, रोज दहा मिनिटं चाप ओढायला गोळी लागत नाही. ओढा, दाबून धरा, दुसऱ्या हाताने स्लाइड मागेपुढे करा, मग चाप हळूच सोडत ‘टक्’ ऐका. त्या ‘टक्’पाशी बोट ओळखीचं होतं. आणि प्रत्येक वेळी काम संपलं की बोट बाहेर, स्लाइडवर सरळ. पोरं कंटाळतील, तुम्हीही कंटाळाल. मी कंटाळलो होतो, पुढचं तुम्ही वाचलंच.

शेवटची मागणी कागदाची आहे. नकळत उडालेल्या गोळीच्या अहवालाला एक ठरावीक नमुना करा आणि त्यात ‘मिसफायर’ आणि ‘सुटली’ हे दोन शब्द चालणार नाहीत असं लिहा. शिक्षेच्या भीतीने माणूस खोटं लिहितो. त्यामुळे पहिल्या, कुणाला इजा न झालेल्या चुकीला खरं लिहिणाऱ्याला शिक्षा नाही, फेरप्रशिक्षण, असंही ठरवा. विमानवाले असंच करतात, म्हणून त्यांच्याकडे चुकांची यादी असते आणि आपल्याकडे फक्त कपाटं.

नमुना म्हणून माझी नोंद देतो. बऱ्याच वर्षांनी देतोय, दाखल करून घ्यायची की नाही ते तुम्ही ठरवा.

शस्त्र: नऊ एमएम, स्ट्रायकर, अंगठ्याची सेफ्टी नाही. तपासणीत यंत्रात दोष नाही.
ठिकाण: शस्त्रागार, टेबल. वाळूचा ड्रम नाही.
कृतीचा क्रम: स्लाइड आधी, मॅगझिन नंतर. चेंबर डोळ्यांनी पाहिलं नाही. बोटाने चाचपलं नाही.
पिस्तुलाचं तोंड: कपाटाकडे. कपाटामागे व्हरांडा, तिथे त्या वेळी दोन माणसं उभी होती.
चाप कोणी ओढला: मी.

आपला,
एक निवृत्त आर्मोरर